ताप, खाडा आणि पहिले दोन दिवस

सकाळी सातच्या सुमाराला एखाद्या एमआयडीसीच्या फाट्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी थोडा वेळ उभं राहावं. पावसाळ्यात एक गिऱ्हाईक हमखास येतं. डोळे तांबारलेले, गळ्याभोवती रुमाल आणि मागणी एकच: ‘ताप-सर्दीचं काहीतरी द्या, ड्युटीवर जायचंय.’ दुकानदार पट्टीतून कात्रीने चार गोळ्या कापतो, कागदाच्या पुडीत घालतो. एक गोळी तिथेच पाण्याच्या घोटाबरोबर जाते आणि माणूस कंपनीच्या बसकडे वळतो. त्याने ताप मोजलेला नसतो, डॉक्टरला विचारलेलं नसतं. मनाशी हिशोब मात्र पक्का केलेला असतो: या महिन्यात किती खाडे झाले, हजेरीचा भत्ता बुडेल का, आपल्या मशीनवर आज कोण उभं राहील, सुपरवायझर उद्या आत घेईल का.

आजारी असताना कामावर जावं का, याचं उत्तर आरोग्याच्या सदरांतून एका वाक्यात मिळतं: विश्रांती घ्या. सल्ला बरोबरच आहे. पण तो ज्याला दिला जातो त्याच्या हातात ही निवड असते का, हे कुणी विचारत नाही. वैद्यकशास्त्र, कायदा आणि रोजगाराची रीत हे तीन धागे एकत्र धरून पाहिलं तर एक गोष्ट ठळक दिसते. बहुतेक संसर्गजन्य आजारांत घरी राहण्याची सर्वांत जास्त गरज पहिल्या दोन-तीन दिवसांत असते आणि आपली पगाराची, रजेची, दाखल्याची सगळी व्यवस्था नेमकी याच दिवसांवर सर्वांत कठोर आहे.

आधी वैद्यकाचा भाग. फ्लूचा माणूस लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून संसर्ग पसरवू शकतो आणि आजाराच्या पहिल्या तीन दिवसांत तो सर्वांत जास्त पसरतो. म्हणून सर्वमान्य नियम असा की औषध न घेता ताप उतरून २४ तास झाले आणि बाकी त्रासही कमी होत असला तर कामावर जायला हरकत नाही. यातले ‘औषध न घेता’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. पॅरासिटामॉल चार-सहा तास ताप खाली ठेवते, विषाणूला काही करत नाही. गोळी घेऊन लोकलमध्ये चढलेल्या माणसाला बरं वाटत असतं, पण त्याच्या खोकल्यातून जे बाहेर पडायचं ते पडतच असतं. कोविडनंतर मास्कची सवय मोडली. जाणं अगदीच टळत नसेल तर ती सवय पुन्हा लावून घेणं हा कमीतकमी उपाय आहे.

पोटाच्या आजाराचा नियम आणखी कडक आहे. उलट्या-जुलाब थांबल्यावरही ४८ तास दुसऱ्यांच्या अन्नाला हात लावू नये. हा नियम मेसच्या आचाऱ्यासाठी, कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बाईसाठी, वडापावच्या गाडीसाठी आणि शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईसाठी आहे. या सगळ्यांत एक समान गोष्ट आहे, दोन दिवस घरी बसणं परवडणारे त्यांच्यात फार थोडे. डोळे आले तर सहसा ताप नसतो, अंगही दुखत नाही, त्यामुळे माणूस सर्रास कामावर जातो. २०२३ च्या जुलैत आळंदीपासून डोळ्यांची साथ राज्यभर कशी पसरली ते आपण पाहिलं. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी राहायचं, इथे वादाला जागा नाही.

पण एका आजारात फ्लूचा नियम तसाच्या तसा लावला तर घात होतो आणि तो आजार आपल्याकडे दर पावसाळ्यात घरोघरी असतो. डेंग्यू माणसाकडून माणसाला थेट लागत नाही. सहकाऱ्यांचा विचार केला तर कामावर जायला आडकाठी नाही. धोका असतो तो स्वतःला. डेंग्यूचा ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो आणि आजाराचा कठीण टप्पा सुरू व्हायचा असेल तर तो त्याच सुमाराला सुरू होतो. प्लेटलेट खाली जातात, रक्तवाहिन्यांतला द्रव बाहेर झिरपतो, रक्तदाब पडू शकतो. पुढचे २४ ते ४८ तास लक्ष ठेवण्याचे. नेमकं त्याच वेळी घरात बोललं जातं, ‘ताप उतरलाय ना, मग जा आता, चार दिवस झाले.’ पोटात जोराने दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, विलक्षण मरगळ यांपैकी काहीही दिसलं तर कामाचा विषय बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिनसारख्या गोळ्या डेंग्यूत टाळायच्या, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. कात्रीने कापून दिलेल्या चार गोळ्यांत त्यातली एखादी असू शकते, आणि गिऱ्हाइकाला त्याची कल्पना नसते.

आजार लागट नसला तरी काम धोक्याचं असू शकतं. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं आणि त्याने झोप येते. ती घेऊन घाटात एसटी चालवणं, प्रेस मशीनवर उभं राहणं, परांचीवर चढून गिलावा करणं ही दुसऱ्याच्या आणि स्वतःच्या जिवाशी खेळण्याची गोष्ट आहे. क्षयाचं तर सगळं उलटंच होतं. योग्य औषधं सुरू झाली की संसर्गाची शक्यता साधारण दोन आठवड्यांत खूपच कमी होते, म्हणजे निदान झालेला आणि नियमित औषध घेणारा कामगार लवकरच कामावर परतू शकतो. धोका असतो तो निदान न झालेल्याचा. नोकरी जाईल या भीतीने दोन-दोन महिने खोकला लपवणारा माणूस शेजारच्या मशीनवरच्या चौघांना आजार देतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

आणि प्रत्येक दुखण्याला अंथरूण हा उपाय नाही, हेही सांगायला हवं. साधी पाठदुखी पडून राहिल्याने लांबते. थोडंफार हिंडतंफिरतं राहून, जड उचलणं टाळून कामावर परतणाऱ्याला लवकर आराम पडतो. सौम्य नैराश्यात माणसांत असणं, दिवसाला वेळापत्रक असणं काहींना सावरतं, काहींना तेच काम खोलात ढकलतं. इथे सगळ्यांना एक नियम लावता येत नाही, डॉक्टरशी बोलूनच ठरवावं लागतं. हलकं काम देण्याची तयारी मालकाची असेल तर पाठदुखीपासून शस्त्रक्रियेनंतरच्या अशक्तपणापर्यंत कितीतरी जण लवकर कामाला लागू शकतात. आपल्याकडे मात्र एक तर पूर्ण हजर, नाहीतर पूर्ण गैरहजर.

आजारी असताना कामावर येतं तरी कोण, यावर बाहेरच्या देशांत बराच अभ्यास झाला आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे एकतृतीयांश लोकांनी सांगितलं की रजा घ्यायला हवी होती असं वाटत असतानाही वर्षभरात आपण दोन किंवा अधिक वेळा कामावर गेलो. यात सर्वांत पुढे होते परिचारिका, वृद्धाश्रमातले मदतनीस आणि शिक्षक. म्हणजे ज्यांच्यामुळे अशक्त माणसाला आणि लहान मुलांना सर्वांत सहज संसर्ग होऊ शकतो, तेच. अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या मुलांच्या रुग्णालयातल्या ५३६ डॉक्टर-परिचारिकांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. ९५ टक्क्यांना आपल्या येण्याने रुग्णांना धोका होतो हे मान्य होतं आणि तरीही ८३ टक्के जण वर्षभरात निदान एकदा आजारी असताना कामावर आले होते. मुख्य कारण कोणतं? सहकाऱ्यांवर भार पडायला नको. ज्ञान कमी पडत होतं असं नाही, बदली माणूस नव्हता. मला हे निष्कर्ष आपल्याकडच्या वॉर्डांना, अंगणवाड्यांना आणि एकशिक्षकी शाळांना लख्ख लागू पडतात असं वाटतं. ज्या शाळेत एकच गुरुजी आहेत तिथे गुरुजींचा ताप म्हणजे शाळेला कुलूप.

अंगावर काढण्याची किंमतही मोजली गेली आहे. ब्रिटिश सरकारी नोकरांच्या दीर्घकालीन अभ्यासात, प्रकृती बरी नसूनही तीन वर्षांत आजारपणाची एकही रजा न घेतलेल्या पुरुषांमध्ये गंभीर हृदयविकाराचं प्रमाण, मध्यम प्रमाणात रजा घेणाऱ्यांच्या तुलनेत दुप्पट आढळलं. निवृत्तीच्या निरोप समारंभात ‘साहेबांनी कधी आजारपणाची रजा घेतली नाही’ हे कौतुकाने सांगितलं जातं. शाळेत शंभर टक्के हजेरीचं बक्षीस असतं. या कौतुकाचा पुनर्विचार व्हायला हवा.

आता पैशाकडे. महाराष्ट्र सरकारच्या कर्मचाऱ्याला वर्षाला २० दिवस अर्धपगारी रजा मिळते. वैद्यकीय दाखला दिला तर ती परिवर्तित करून निम्मे दिवस पूर्ण पगारी घेता येतात. शिवाय नैमित्तिक आणि अर्जित रजा आहेतच. दुकानं आणि आस्थापनांसाठीच्या राज्याच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत, पण आजारपणासाठी वेगळी रजा नाही. त्या आठांतच मुलाचा शाळाप्रवेश, गावचं लग्न, बँकेचं काम आणि ताप, सगळं बसवायचं. १९४८ च्या कारखाना कायद्यातही २० दिवस कामामागे एक भरपगारी रजा होती, आजाराची वेगळी नव्हती. ती जागा कामगार विम्याने भरायची अशी मूळ कल्पना. याच्या खाली उतरलं की पायरीच संपते. केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीनुसार शेती सोडून इतर क्षेत्रांत नियमित पगारावर असणाऱ्यांपैकीही जवळपास निम्म्यांना भरपगारी रजा नाही. नाक्यावर उभा राहणारा मजूर, फेरीवाला, रिक्षावाला, ऑर्डरमागे पैसे मिळवणारा डिलिव्हरीवाला हे तर त्या मोजणीतही नाहीत.

यातला कामगार विमा थोडा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण त्यामागे मोठी परंपरा आहे आणि त्यात एक मोठं भोकही आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या सगळ्यांना ठाऊक आहेत. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: कामावर गंभीर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा. काम करता येत नसतानाही मजुरी हा हक्क आहे, ही कल्पना इतकी जुनी आणि आपल्याच मातीतली आहे. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. १८९७ च्या फेब्रुवारीत लोखंडे प्लेगने गेले. साथीत कामगारांसाठी धावपळ करतानाच त्यांना आजाराने गाठलं. त्या प्लेगमध्ये मुंबईतले लोक लाखांनी गावाकडे निघून गेले आणि उरलेल्या कामगारांना टिकवण्यासाठी गिरण्यांना रोजच्या रोज रोख मजुरी मोजावी लागली. एरवी महिना उलटून गेल्यावर हाती पडणारा पगार साथ आल्यावर संध्याकाळी मिळू लागला.

पुढे १९४४ साली प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल सादर केला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आज या योजनेत मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते आणि क्षय, कर्करोग अशा ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. आजारपणाचा लाभ घेत असलेल्याला त्या काळात कामावरून काढता येत नाही. हे सगळं मोलाचं आहे आणि ज्या कामगारांना कार्ड असूनही ते माहीत नाही त्यांना कळायला हवं. पण पगाराची मर्यादा २०१७ पासून २१,००० रुपयांवर आहे, त्यामुळे थोडी पगारवाढ झाली की माणूस योजनेबाहेर जातो. आणि भोक ते हे: नव्या आजारपणात पहिले दोन दिवस भत्ता नाही. फ्लूच्या, उलट्या-जुलाबाच्या ज्या दोन दिवसांत कामगाराने घरी राहावं असं डॉक्टर बजावतो, त्याच दोन दिवसांचे पैसे विमा देत नाही. तिसऱ्या दिवशी पैसे सुरू होतात, तोवर तो गोळी घेऊन कामावर जाऊन आलेला असतो.

हे दोन दिवस बिनपगारी ठेवण्यामागे जगभर एकच तर्क आहे: किरकोळ कारणाने लोक दांडी मारतील. जर्मनीतही पूर्वी कामगारांचे पहिले तीन दिवस बिनपगारी होते, ऑफिसातल्या नोकरदारांना मात्र पहिल्या दिवसापासून पगार. हा भेद मोडण्यासाठी श्लेस्विग-होल्स्टाइनमधल्या धातू कामगारांनी १९५६-५७ मध्ये ११४ दिवस संप केला. पायरीपायरीने ते दिवस कमी होत गेले आणि १९७० पासून कामगारालाही पहिल्या दिवसापासून, सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मिळू लागला. अमेरिकेत आजही खासगी क्षेत्रातल्या नोकरदारांना आजारपणाची भरपगारी रजा देणारा देशव्यापी कायदा नाही. मात्र २०२० च्या कोविडकाळात तात्पुरती दोन आठवड्यांची रजा दिली गेली तेव्हा, ज्या राज्यांत लोकांना ती नव्याने मिळाली, तिथे दर राज्यामागे रोज सुमारे ४०० रुग्ण कमी नोंदले गेले, असं तिथल्या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं. रजेचा गैरवापर होतो हे मी नाकारत नाही. कापणीला गावी जाणारा माणूस ‘आजारी होतो’ असं सांगतो, कारण कापणीसाठी रजा मागायची सोयच नसते. त्याला उपाय रजा वाढवण्याचा आणि खरं बोलता येईल अशी मोकळीक देण्याचा आहे. त्यासाठी तापाने फणफणलेल्याला मशीनवर उभं करण्यात काही शहाणपण नाही.

दाखल्याचा अट्टाहासही याच जातीचा. एका दिवसाच्या रजेला डॉक्टरचा दाखला मागितला की आजारी माणूस दोन तास दवाखान्याच्या बाकावर बसतो, तिथे आणखी चौघांना संसर्ग देतो, फी भरतो आणि शेवटी जो कागद मिळतो त्यात ‘व्हायरल फीव्हर’ एवढंच असतं. ब्रिटनमध्ये पहिले सात दिवस कामगाराने स्वतः लिहून दिलं तरी चालतं. आपल्याकडे निदान तीन दिवसांपर्यंत तसं करायला काय हरकत आहे, याचं पटणारं उत्तर मला अजून कुणाकडून मिळालेलं नाही.

खाड्याचं सर्वांत भयंकर रूप ऊसतोडीत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, आणि एक दिवस काम चुकलं तर खाडा, त्याचा दंड पाचशे रुपयांच्या घरात. दिवसाची कमाई त्याहून कमी असलेल्या जोडप्याला आजारी पडणं म्हणजे उचल आणखी वाढणं. पाळीच्या दिवसांतलं दुखणं, अंगावरून जाणं, पहाटे तीनला फडात जाऊन मोळ्या डोक्यावरून वाहणं या सगळ्यावर बीड जिल्ह्यातल्या कितीतरी बायकांना दाखवला गेलेला इलाज होता गर्भपिशवी काढण्याचा. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. यामागे नफेखोर दवाखाने होते, भीती होती, अपुरी माहिती होती. पण आजारी पडण्याची मुभा नसलेलं काम हेही त्यामागचं कारण होतं आणि त्या मुभेबद्दल कारखाने, मुकादम आणि सरकार यांच्यात आजही ठोस काही ठरलेलं नाही. निदान वैद्यकीय कारणाचा खाडा उचलीत धरायचा नाही, एवढं कराराच्या कागदावर यायला हवं.

शहरातल्या वाचकाला हे फडावरचं आणि कारखान्यातलं दूरचं वाटेल. पण आपल्यापैकी पुष्कळजण स्वतःच्या घरात मालक आहेत. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, त्याची ठिणगी पडली ती आजारपणामुळे चार दिवस येऊ न शकलेल्या एका बाईला कामावरून काढल्यामुळे. त्या संपातून संघटना उभी राहिली. महिन्याला दोन सुट्ट्या, दिवाळीला बोनस या गोष्टी पुण्यातल्या घरांत रुळायला तिथून सुरुवात झाली. २००८ साली राज्यात घरेलू कामगारांसाठी कल्याणकारी मंडळाचा कायदा झाला, पण आजारपणाची रजा अजूनही बाई आणि घरमालकीण यांच्या बोलण्यावरच आहे. बहुतेक घरांत ते बोलणं होतच नाही. दोन सुट्ट्यांपलीकडच्या दिवसाचा पगार महिनाअखेरीला कापला जातो, म्हणून स्वयंपाकाच्या मावशी ताप असताना येतात, नाक पुसत कणीक मळतात, आणि घरातल्या आजीला दोन दिवसांनी खोकला लागतो.

हे बदलायला विधिमंडळाची वाट पाहावी लागत नाही. काम ठरवतानाच सांगता येतं की महिन्याच्या सुट्ट्या वेगळ्या आणि आजाराचे दिवस वेगळे, वर्षाला दहा-बारा दिवसांपर्यंत त्यांचा पैसा कापणार नाही, दाखला मागणार नाही, सकाळी एक फोन पुरे. हे आपण आधी सांगायचं असतं, कारण ताप आल्यावर मावशी स्वतःहून विचारणार नाहीत. आणि चार घरांची कामं करणाऱ्या बाईला त्याचा खरा उपयोग व्हायचा तर चारही घरांनी तसं ठरवायला हवं, म्हणून शेजारच्या फ्लॅटमध्येही ही गोष्ट बोलायला हवी.